गुरूचं बटण

"फोकस गेलाय वाटतं," शेजारचे काका म्हणाले. परवाची गोष्ट. अजून पचलेलं नाही.

फोटो गुरू ग्रहाचा होता. गच्चीवर डास चावून घेत दुर्बिणीतून काढलेला, पहाटे तीनपर्यंत लॅपटॉपवर घासलेला.

"कॅमेरा हलला असेल."

"कॅमेरा नाही, हवा हलते."

"छे! काल पान हलत नव्हतं. उकाड्याने मी जागाच होतो."

"वरची हवा, काका. गरम-गार थरांतून येताना प्रकाश थरथरतो. म्हणून व्हिडिओ काढायचा. सेकंदाला १०० फ्रेम, दोन मिनिटं, म्हणजे १२,०००. त्यातल्या बऱ्या १,२०० एकावर एक रचायच्या."

"बाकीच्या?"

"फेकायच्या."

"नव्वद टक्के नापास!" काकांच्या चेहऱ्यावर निवृत्त मास्तरांचं समाधान पसरलं. "मग दहा मिनिटं काढ. पास होणारे वाढतील."

"तोवर गुरू फिरतो ना! दहा तासांच्या आत गिरकी संपते त्याची. त्याच्यावरचा लाल डाग फोटोत फिसकटतो."

"भलतीच घाई त्याला," म्हणत काकांनी मोबाइल पुढे केला. चंद्र, खड्ड्यांसकट. "हातात धरून काढलाय. एका टिचकीत."

काही मोबाइलना चंद्र आधीच शिकवलेला असतो, फोटोतले तपशील ते पाठांतरावरून भरतात. हे मी मास्तरांना सांगितलं नाही. कॉपी करणारा पहिला आला की असंच तोंड मिटून बसावं लागतं.

खरा राग वेगळाच आहे. काका निम्मे बरोबर होते, चूक माझीही होती. दुर्बीण खोलीतून काढली आणि लगेच आकाशाकडे वळवली. आरसा गरम, नळीतच हवा उकळतेय. आरशांची जुळणीही तपासली नाही. ऑटोस्टॅकर्ट या फ्रेम रचणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघालेला गुरू मऊ होता, पण गुरू होता. मग रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हलेटचे, म्हणजे तपशील ठळक करणारे, स्लायडर ओढत बसलो. कडेला पांढरी किनार आली, पट्टे रवाळ झाले, शेवटी शर्टाचं बटण उरलं. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र कागदावर टिपले. त्याच्याकडे स्लायडर नव्हता, म्हणून निभावलं.

आणि दुर्बिणीच्या खोक्यावर तो कडी घातलेला चकचकीत शनी छापतात, तो त्या दुर्बिणीतून काढलेला असतो का? सहसा नसतोच. आपण मात्र खोकं बघतो, पैसे मोजतो आणि वर शेजाऱ्यांचं ऐकून घेतो.

काल शहाणा झालो. तासभर आधीच दुर्बीण गच्चीवर नेऊन ठेवली, झाकण काढून.

काका आलेच. "नुसतीच ठेवलीय?"

"गार होतेय."

"एवढंच ना?" म्हणाले, आणि नळीत तोंड घालून त्यांनी मायेने एक लांब फुंकर मारली.