रेइश मागूशचा सातबारा

साताऱ्याच्या माणसाला समुद्र फार वेळ पुरत नाही. पहिल्या संध्याकाळी तो गुडघाभर पाण्यात उभा राहून "वा!" म्हणतो, दुसऱ्या संध्याकाळी चपलेतली वाळू झाडतो आणि मग विचारतो, "दाजी, तुमच्याकडं एखादा किल्लाबिल्ला नाही का?"

माझी सासुरवाडी साताऱ्याची. मागच्या दारी उभं राहिलं की अजिंक्यतारा दिसतो, अशा घरातली ही माणसं. मे महिन्यात ती आमच्याकडे म्हापशाला येतात, येताना कंदी पेढे आणतात आणि जाताना काजू, कोकम नि माझी रजा घेऊन जातात. माझ्या मेहुण्याची किल्ल्याची व्याख्या सरळ आहे: चढताना धाप लागली पाहिजे, वर टाक्यातलं पाणी प्यायला मिळालं पाहिजे आणि तो आपण जिंकलेला असला पाहिजे. गोव्यातले बरेचसे किल्ले पोर्तुगीजांनी नदीच्या नि समुद्राच्या तोंडावर बसवलेले. गाडी पार दाराशी जाते. त्यामुळे पहिल्याच अटीत ते नापास होतात.

मी रेइश मागूश निवडला, तो मामींच्या गुडघ्यांकडे बघून. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. किल्ला लहान आहे, डागडुजी नीट केलेली आहे, आत दालनं आहेत, म्हणजे सावली आहे. शिवाय म्हापशाहून पर्वरी, बेती, वेरे असा सुटसुटीत रस्ता. पर्वरीपाशी वाहनांची रांग लागली आणि सुटसुटीत हा शब्द मी मनातल्या मनात मागे घेतला. सात आसनांच्या गाडीत आम्ही आठ जण, त्यात भाच्याचं डोकं माझ्या कोपराखाली आणि थालीपिठांचा डबा बायकोच्या मांडीवर. "तिथं काय मिळत नाय मिळत," असं मामी म्हणाल्या होत्या. राज्य गोव्याचं, दिवस शनिवारचा, तरी उपासमारीची भीती!

खरा प्रश्न मामांचा होता. माझे सासरे तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले ते कचेरीतून, महसूल खात्यातून नव्हे. ते खातं त्यांच्या अंगात आहे. कुठलीही इमारत पाहिली की लोक म्हणतात, किती सुंदर, मामा म्हणतात, "कब्जा कुणाचा?"

चर्चच्या बाजूने चढण सुरू होते. जांभ्या दगडाची काळपट लाल भिंत वर दिसायला लागते आणि डाव्या हाताला मांडवी उघडत जाते. मेहुणा दोन मिनिटांत वर पोचला आणि धाप न लागल्याचा निषेध म्हणून परत खाली येऊन पुन्हा चढला. वहिनींनी तटाच्या कोपऱ्यावरचा टेहळणीचा गोल बुरूज हेरला आणि तिथून पुढे आमची मोहीम फोटोच्या वेगाने चालू झाली. मामा माहितीफलकासमोर थांबले. चष्मा बदलला. आता इथे अर्धा तास, हे मी ओळखलं.

"जावईबापू, मूळ धारक कोण?"

"आधी आदिलशाहीचं ठाणं होतं म्हणतात. मग बार्देश, म्हणजे हा सगळा तालुका, पोर्तुगीजांकडे आला आणि त्यांनी 1551 मध्ये किल्ला बांधला."

"म्हणजे जमीन विजापूरकरांची, बांधकाम दुसऱ्याचं. बरं. आणि हे 1707?"

"तेव्हा वाढवला."

"वाढीव बांधकाम," मामा पुटपुटले. परवानगीचं विचारतील या भीतीने मी पुढच्या सालावर बोट ठेवलं. ते बोट जरा जास्तच पुढे गेलं. 1798 ते 1813 या काळात इंग्रजांची फौज गोव्यात होती आणि या किल्ल्यातही राहत होती. युरोपात नेपोलियनची धामधूम. फ्रेंच येऊन गोवा घेतील म्हणून दोस्त पोर्तुगालच्या रक्षणाला इंग्रज आलेले.

"म्हणजे कूळ."

"कूळ नाही मामा, पाहुणे."

"पाहुणे? पंधरा वर्षं?"

मी काही बोललो नाही. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी काही बोललो असतो तर सोळावं वर्ष सुरू झालं असतं.

सातबारा गोव्यात नसतो, इथे एक-चौदाचा उतारा असतो, हे मी मामांना एकदा सांगून चुकलो आहे. तेव्हापासून त्यांना वाटतं की गोवेकर काहीतरी लपवतात.

मेहुण्याचं दुखणं वेगळं होतं. त्याने गोव्याचा मराठी इतिहास पाठ करून आणला होता. संभाजी महाराजांनी 1683 मध्ये जुवे बेट घेतलं आणि विजरईला, म्हणजे पोर्तुगीजांच्या इथल्या मुख्य कारभाऱ्याला, पळता भुई थोडी झाली, हे त्याने तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसालाही सांगितलं. त्या माणसाने शांतपणे सुटे पैसे मागितले. अडचण आली ती 1739 ची. त्या साली मराठ्यांच्या धामधुमीत सावंतवाडीच्या भोसल्यांनी बार्देश घेतला, पण रेइश मागूश आणि आग्वाद हे दोन किल्ले सोडून. हे 'सोडून' मेहुण्याच्या घशाखाली उतरेना.

"सगळा बार्देश घेतला नि हा एवढासा राहिला? दाजी, हा तर आपल्या कल्याणगडाच्या पायथ्याएवढा नाही!"

मी सांगितलं की मांडवीचं पात्र इथे अरुंद होतं, पलीकडे काबोची टेकडी, नदीतून कुमक येत राहते, म्हणून. त्याला पटलं नाही. त्याने थेट पहारेकऱ्याला गाठलं. "हा किल्ला मराठ्यांनी का घेतला नाही?"

पहारेकरी बिचारा स्टुलावर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "म्हाका खबर ना, सर. हांव दोन वर्सां फाटींच कामाक लागलां."

एवढ्यात तटावर शिट्टी वाजली. भाचा तोफेवर घोडा करून बसला होता. "तोफेर बसचें न्हय हां!" दुसरा पहारेकरी ओरडला. भाच्याला कोकणी कळत नाही, पण शिट्टी सगळ्या भाषांत कळते. मी त्याला उतरवायला गेलो आणि तोफेला हात लागताच हात मागे घेतला. मे महिन्यातल्या दुपारी त्या लोखंडावर शत्रूला नुसतं बसवलं असतं तरी त्याने शरणागती दिली असती. तो पोरगा कसा बसला होता कोण जाणे.

तिथून समोर पणजी दिसते, आणि नदीत नांगरलेली तरंगती कॅसिनो. मामा तोफांच्या तोंडांकडे पाहत म्हणाले, "निशाणा बरोबर लावलाय."

आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांचं दालन आहे. आमच्या मुलीला त्यातलं प्रत्येक कुत्रं दाखवायचं होतं आणि मिरांडांच्या चित्रात कुत्र्यांची टंचाई कधीच नसते. वहिनींना एका चित्रातल्या लग्नाच्या गर्दीत हुबेहूब त्यांच्या नणंदेसारखी बाई सापडली. नणंद म्हणजे माझी बायको. ते दालन आम्ही जरा लवकर आटपलं.

पुढे गोव्याच्या मुक्तिलढ्याचं दालन. हा किल्ला तुरुंग होता, अगदी 1993 पर्यंत. कोठडीच्या दाराशी मामा थबकले. 15 ऑगस्ट 1955 चा सत्याग्रह त्यांनी लहानपणी ऐकलेला. त्यांच्या गावचा एक जण पत्रादेवीच्या बाजूने गोव्यात शिरायला निघाला होता. "परत आला तो लंगडत. मरेपर्यंत कुणाला काय सांगितलं नाही त्यानं. मुलीच्या लग्नातही कोपऱ्यात बसला होता." मेहुणाही गप्प झाला. मग भाच्याने विचारलं, कैद्यांना शू कुठे करायला लागायची, आणि सगळ्यांचीच सुटका झाली.

इतका वेळ मामी काही बोलल्या नव्हत्या. दालन बदललं की त्यांचा एकच प्रश्न असायचा: "हितं चूल कुठं होती?" मेहुणा तोफा मोजत होता, मामा नोंदी तपासत होते, मामी स्वयंपाकघर शोधत होत्या. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की एकाही फलकावर त्याचं उत्तर नाही. विजरई आहेत, सेनापती आहेत, 2008 मध्ये वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्यांनी हेलन हॅम्लिन ट्रस्टच्या मदतीने डागडुजी हाती घेतली ते आहे, आणि 2012 मध्ये किल्ला लोकांना खुला झाला तेही आहे. जेवण कुणी रांधलं, ते मात्र नाही.

आणि मग ते भोक आलं. रेइश मागूशला एक भोक आहे, वरून खाली. शत्रू आत घुसला तर त्याच्या डोक्यावर उकळतं तेल ओतायची सोय. मेहुण्याचा चेहरा उजळला, भाच्याने भोकात तोंड घालून "अटॅक!" अशी आरोळी ठोकली. मामींनी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढला आणि स्वतः वाकून आत पाहिलं.

"कसलं तेल?"

"असेल खोबरेल," मी म्हणालो. आमच्याकडे दुसरं तेल कोण वापरणार?

"किती लागत असंल?"

"कढईभर तरी."

"कढईभरानं काय हुतंय? पहिला माणूस भाजंल, मागचा तसाच यील. घागरी लागतील." मामींनी पदर खोचला. "आणि तेल तापलेलं पायजे. म्हंजे वर चूल आली. चुलीला लाकडं आली. शत्रू काय सांगून येतोय? मग रात्रंदिवस जाळ चालू ठेवायचा. तो कुणी ठेवायचा? बंदूकवाला ठेवणार हाय?"

कुणीच उत्तर दिलं नाही. शेजारी उभं असलेलं एक परदेशी जोडपंही, भाषा कळत नसताना, अपराध्यासारखं बाजूला सरकलं.

"आणि शत्रू आलाच नाय तर त्या तेलाचं काय करायचं?" मामी म्हणाल्या. "तळण. दुसरं काय!"

यावर मेहुण्याला 1739 चं कोडं उलगडलं. "दाजी, आत रोज भजी तळत असतील, आणि आपले लोक बाहेर भाकरीवर. मन कसं लागणार लढाईत?" हे तो हसत म्हणाला की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. पण त्यानंतर त्याने किल्ल्याला माफ केल्यासारखं वाटलं. चर्चजवळच्या झाडाखाली डबा उघडला तेव्हा थालीपिठं सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ली, आणि पहारेकऱ्यालाही एक नेऊन दिलं.

परतीच्या वाटेवर गाडीत बसता बसता त्याने जाहीर केलं, उद्या आग्वाद. 1739 ला जो दुसरा राहिला तो. "तिथं पण काय तरी कारण असणार, दाजी." त्या किल्ल्यात कसली दालनं आहेत, उन्हाळ्यात तिथे किती ऊन असतं, माझी रजा कधी संपते, हे सगळं मी सांगून पाहिलं. त्यावर बायको म्हणाली की हे आता निघाले म्हणजे जाणारच, तुम्ही सकाळी पेट्रोल तेवढं भरून ठेवा.

मामांनी पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला. "आग्वादला बघण्यासारखं काय?"

"1864 चं दीपगृह आहे. आणि पाण्याची जुनी टाकी, तेवीस लाख श्याहत्तर हजार गॅलनची. येणारी-जाणारी जहाजं तिथून पाणी भरून घ्यायची."

मामांनी खिशातून डायरी काढली, आकडा लिहून घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पाणीपट्टी कुणाच्या नावावर होती?"