ज्ञानोबा व ज्ञानोबा

माझ्या वडिलांचे नाव ज्ञानोबा. परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारात या नावाने हाक मारली तर चार माणसे वळून पाहतील. परंतु शेतकरी ओळख क्रमांकासाठी सलग तीन दिवस आम्ही ज्या संकेतस्थळाशी झटापट केली, त्याला हा माणूस कोण ते शेवटपर्यंत कळले नाही. आधार कार्डावर त्यांचे इंग्रजी नाव 'डी'ने सुरू होते, बँकेच्या पासबुकावर 'जी'ने, आणि सातबारा तर मराठीतच आहे. अर्ज भरून झाला की 'नाव जुळत नाही' एवढी एक लाल ओळ उमटते. कोणते नाव, कशाशी आणि कोणत्या अक्षराला अडले, हे सांगण्याचे सौजन्य नाही; उलट 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण दाबले की गट क्रमांकापासून सगळे रकाने कोरे.

'ज्ञ' इंग्रजीत दहा जण दहा प्रकारे लिहितात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मग महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी यंत्रणा उभारणाऱ्यांना ते कोणी सांगायचे? पैठणला ज्यांनी रेड्यामुखी वेद वदवले, असे आपण मानतो, त्या ज्ञानोबांनासुद्धा या लाल ओळीपुढे हात टेकावे लागले असते.

ठशांची कथा वेगळीच. जन्मभर कापूस वेचून आणि औत हाकून वडिलांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे यंत्र त्यांना हात पुसून या म्हणते. राहिला ओटीपी. तो गच्चीवर रेंज शोधून खाली येईपर्यंत मुदत संपून जातो.

देशातला पहिला आधार क्रमांक 2010 साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. शासकीय संकेतस्थळे नागरिकांना सोयीची असावीत, यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे तर केंद्राने त्याच्याही आधी, 2009 मध्ये काढली होती. ती लिहिणाऱ्यांपैकी कोणी एखाद्या सेतू केंद्राच्या रांगेत दुपारपर्यंत उभे राहून पाहिले आहे काय?

अखेर केंद्रावरच्या मुलाने तोडगा सुचवला: प्रतिज्ञापत्र करा. वकिलाने मजकूर मराठीत टाइप केला, "ज्ञानोबा व ज्ञानोबा ही एकच व्यक्ती आहे." वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारले, "मंग ह्यातला म्या कोन्ता?"