फेलओव्हरची परीक्षा केबल उपटून होत नाही

‘प्रॉक्समॉक्सवर दोन पोर्टचा अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप बाँड करा, दोन केबल दोन स्विचना लावा, व्हीएममधून बाहेर पिंग सोडा आणि एक केबल उपटा. एखाददुसरं पॅकेट गेलं तर फेलओव्हर पक्का. केबल परत लावली की ट्रॅफिक आपोआप मूळ पोर्टवर येतो.’ सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींत हा सल्ला बराच फिरतो. (प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, अर्थात व्हीएम, चालवणारी प्रणाली. अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप बाँड म्हणजे दोन नेटवर्क पोर्टची जोडी, एक कामावर, दुसरा राखीव. कामावरचा पडला की राखीव पुढे येतो, तो फेलओव्हर. पिंग म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारं छोटं पॅकेट.) बाँड करा, दोन स्विच वापरा, इथपर्यंत ठीक. पुढचं मात्र धोक्याचं आहे.

आधी केबल. ती काढली की पोर्टचा दिवा विझतो, आणि बाँडच्या एमआयआय मॉनिटरला, म्हणजे लिंक तपासणाऱ्या यंत्रणेला, तेवढंच कळतं. एमआयआयमॉन 100 ही सेटिंग म्हणजे दर 100 मिलिसेकंदांनी फक्त ‘लिंक आहे का?’ ही विचारणा. पण कुणीतरी ट्रंकमधून (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीतून) व्हीलॅन, म्हणजे स्विचमधलं वेगळं आभासी नेटवर्क, काढला, स्पॅनिंग ट्रीने (नेटवर्कमधले फेरे टाळणाऱ्या यंत्रणेने) पोर्ट अडवला किंवा स्विचची वरची अपलिंक पडली, तर दिवा चालूच राहतो. प्रॉक/नेट/बाँडिंग/बाँड0 ही फाइल उघडून बघा: ‘एमआयआय स्टेटस: अप’, ‘लिंक फेल्युअर काउंट: 0’. इकडे फोन खणखणतायत आणि बाँडच्या लेखी सगळं आलबेल!

यासाठी एआरपी मॉनिटर आहे. गेटवेला (बाहेरच्या वाटेवरच्या राउटरला) ठरावीक अंतराने एआरपी, म्हणजे ‘या आयपीचा मॅक (नेटवर्क कार्डाचा) पत्ता काय?’, विचारायचं, उत्तर थांबलं की पोर्ट बदलायचा. तो एमआयआयमॉनच्या जोडीने लावू नका, आणि एलएसीपी मोडमध्ये (स्विचशी ठरवून दोन्ही पोर्ट एकत्र वापरण्याच्या पद्धतीत) तो चालत नाही. टार्गेट, म्हणजे विचारायचे पत्ते, किमान दोन द्या. एकच दिलं आणि नेमकं तेच रीबूट झालं, तर बाँड धडधाकट लिंकही मेली म्हणून धरेल.

आता पिंग. खरी गोम इथे आहे. व्हीएम स्वतः पिंग करत असेल तर तिची प्रत्येक फ्रेम नव्या वाटेवरच्या स्विचना तिचा मॅक पत्ता शिकवत जाते. गप्प बसलेल्या व्हीएमचं काय? पोर्ट बदलल्यावर बाँड ग्रॅच्युइटस एआरपी (कुणी न विचारता केलेली पत्त्याची घोषणा) पाठवतो, पण तो होस्टच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरच्या, पत्त्यांसाठी. ब्रिजमागच्या (होस्टमधल्या आभासी स्विचमागच्या) व्हीएमच्या मॅकबद्दल तो काहीच सांगत नाही. (व्हीएमवेअर या दुसऱ्या प्रणालीतला व्हीस्विच, म्हणजे आभासी स्विच, ‘नोटिफाय स्विचेस’ चालू असेल तर व्हीएमच्या वतीने आरएआरपी ही तिचा मॅक कळवणारी फ्रेम पाठवतो, तिकडून आलेले लोक इथे हमखास फसतात.) दोन्ही स्विचच्या वर असलेल्या कोअर (मुख्य) स्विचच्या टेबलात त्या व्हीएमचा मॅक अजून जुन्या स्विचकडेच असतो. व्हीएम स्वतःहून बोलेपर्यंत किंवा नोंद शिळी होईपर्यंत तिला येणारा ट्रॅफिक वाया जातो, आणि बऱ्याच स्विचवर ही मुदत मुळात 300 सेकंदांची असते. म्हणून पिंग बाहेरून करा, तेही शांत व्हीएमला आणि पोर्ट बदलल्यानंतर सुरू करून.

राहिलं आपोआप परतणं. बाँड-प्रायमरी (पसंतीचा पोर्ट) दिला असेल तर मूळ स्विच रीस्टार्ट होऊन लिंक उठताच बाँड तिकडे उडी मारतो. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत तो पोर्ट अजून 15 सेकंद लिसनिंग आणि 15 सेकंद लर्निंग या ट्रॅफिक न सोडणाऱ्या टप्प्यांत असतो, म्हणजे दुरुस्तीनंतर अर्ध्या मिनिटाचा दुसरा खोळंबा. स्विचवर त्या पोर्टला पोर्टफास्ट (हे टप्पे वगळणारी सेटिंग) द्या. सिस्कोवर ट्रंक असेल तर ट्रंकसाठीचा पर्याय वेगळा लिहावा लागतो. बाँडमध्ये प्रायमरी-रीसिलेक्ट (मूळ पोर्टवर केव्हा परतायचं ते ठरवणारी सेटिंग) ‘फेल्युअर’वर ठेवा, मग चालू पोर्ट पडेपर्यंत तो जागचा हलत नाही. मूळ पोर्टवर जायचंच असेल तर रात्री, लोक कामावर नसताना, हाताने न्या.