‘एकदा यालाही बघू’

वाद पेटला तो मास्तरांच्या एका वाक्यावरून. ते म्हणाले, "राजकारणाबाहेरचा नवा माणूस आवडला म्हणून लोक त्याला निवडून देतात, हे मला पटत नाही. आधी जुन्यावरून मन उडतं. एकदा ते उडालं की समोर कोण उभा आहे हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर जातो."

बूथवाल्याला हे अर्धवट वाटलं. मतदारयाद्या आणि बूथ सांभाळण्यात तो मुरलेला, म्हणून त्याचं नावच ते पडलंय. तो म्हणाला, "राग तर कायमच असतो, मास्तर. तरीही दर वेळी नवखा निवडून येत नाही. नुसत्या रागावर निवडणूक जिंकता येत नाही."

"युक्रेन बघ ना," मास्तर म्हणाले. "2019. दुसऱ्या फेरीत झेलेन्स्कीला 73 टक्के, विद्यमान अध्यक्ष पोरोशेन्कोंना 24. टीव्ही मालिकेत राष्ट्राध्यक्षाचं काम करणारा हा विनोदी नट. मतदानाच्या दोन दिवस आधी भर स्टेडियममध्ये दोघे समोरासमोर आले, तेव्हा तो पोरोशेन्कोंना म्हणाला की मी तुमचा प्रतिस्पर्धी नाही, मी तुम्हाला झालेली शिक्षा आहे. अख्खा प्रचार या एका वाक्यात आला. लोकांना हेच कुणीतरी बोलून दाखवायला हवं होतं."

वकीलसाहेबांनी मुद्दा पुढे नेला. "पाटी कोरी असण्याचा फायदा केवढा आहे बघा. वीस वर्षं सभागृहात काढलेल्या माणसाचं प्रत्येक मतदान, प्रत्येक युती, प्रत्येक कोलांटउडी नोंदलेली असते. त्याला त्या सगळ्याचं समर्थन करावं लागतं. नवख्याला कशाचंच नाही. शिवाय मुरलेल्या राजकारण्याचं जे खरं कसब, तेच लोकांच्या डोळ्यांत खुपतं. विरोधकाला गाठायचं, आपली दोन कलमं सोडायची आणि तिसरं पदरात पाडून घ्यायचं, हे काम बंद दाराआड चालतं. बाहेरच्याला दिसतं एवढंच, की काल एकमेकांना शिव्या घालणारे आज हसत हसत बाहेर पडले. मग लोक म्हणतात, सगळे एकाच माळेचे मणी."

"हां, तिथेच खरी मेख आहे," बूथवाला म्हणाला. "एक पक्ष नालायक ठरला तर लोक दुसऱ्याकडे जातात. नवख्याचं दार उघडतं ते दोन्ही पक्ष आजमावून झाले आणि दोन्हींकडून पदरी निराशा आली, की मगच."

मास्तरांना हे पटलं. त्यांनी इटलीचं उदाहरण काढलं. 1992 मध्ये मिलानमध्ये लाचखोरीचा तपास सुरू झाला आणि दोन वर्षांत ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि सोशालिस्ट हे दोन्ही जुने सत्ताधारी पक्ष कोसळले. टीव्ही वाहिन्यांचे मालक बर्लुस्कोनी जानेवारी 1994 मध्ये रिंगणात उतरले आणि मार्चमध्ये जिंकले. म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत. मैदान मोकळंच होतं.

पण मला विचाराल तर पेरूचं 1990 त्याहून बोलकं आहे. वकीलसाहेबांनी ते नीट उलगडून सांगितलं. महागाईचा दर चार आकडी झालेला. लागोपाठ दोन वेगळ्या पक्षांची सरकारं तोंडघशी पडलेली. समोरासमोर आले ते दोघेही बाहेरचेच: कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा आणि कृषी विद्यापीठाचे रेक्टर अल्बर्तो फुजिमोरी. योसा सुरुवातीपासून पुढे होते. फक्त त्यांनी जुन्या उजव्या पक्षांशी आघाडी केली होती, म्हणजे त्यांच्या मंचावर जुनेच चेहरे होते. फुजिमोरींच्या मागे कुणीच नव्हतं आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडलं. दोन बाहेरच्यांतला जो जास्त बाहेरचा, तो जिंकला.

"आणि पुढे काय झालं तेही सांगा," मास्तर म्हणाले.

"पुढे हेच झालं, की मागे कुणी नव्हतं म्हणजे संसदेतही कुणी नव्हतं. बहुमत नाही, विधेयकं अडकतात. 5 एप्रिल 1992 ला फुजिमोरींनी लष्कराला हाताशी धरून संसदच बंद केली. ज्या एकटेपणावर लोक भाळले होते, त्यातूनच हुकूमशाही आली."

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बूथवाल्याने गाडी आपल्या रुळावर आणली. त्याचं म्हणणं, नवखा कुठे जिंकेल हे निवडणुकीच्या पद्धतीवरूनच बरंचसं ठरतं. अध्यक्ष थेट निवडायचा असेल तर एक चेहरा पुरतो. त्यात दोन फेऱ्या असतील तर आणखी सोपं, कारण पहिल्या फेरीत पहिल्या दोघांत आलं की झालं. पेरूतच 2021 मध्ये 18 उमेदवार होते. शाळामास्तर पेद्रो कास्तियो 19 टक्क्यांच्या आतबाहेर मतांवर पहिले आले आणि दुसऱ्या फेरीत 50 टक्क्यांची रेघ कशीबशी ओलांडून अध्यक्ष झाले. याउलट अमेरिकेत 1992 साली उद्योगपती रॉस पेरोंना जवळपास 19 टक्के मतं पडली, पण राज्यवार हिशोबात एकही निर्वाचक, म्हणजे अध्यक्ष निवडणारा राज्याचा प्रतिनिधी, मिळाला नाही. मतं तेवढीच, निकाल दोन टोकांचे.

"ट्रम्प तर जिंकले की," मास्तर म्हणाले.

"ट्रम्पनी नवं घर बांधलं नाही, बांधलेल्या घरात शिरले. निवडून यायच्या आधी कुठलंही सरकारी पद नाही आणि लष्करी सेवाही नाही, असा तो पहिला अमेरिकी अध्यक्ष. पण त्यांनी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी घेतली. राज्याराज्यातली यंत्रणा आयती मिळाली. पेरो अपक्ष होते."

मतदारसंघवार निवडणुकीत तर हे फारच कठीण, असं सांगताना बूथवाला हाताच्या बोटांवर हिशोब करू लागला. आपल्याकडे एका विधानसभा मतदारसंघात साधारण तीनशे बूथ धरा. उमेदवाराला प्रत्येक बूथवर एक पोलिंग एजंट आणि बदलीचे दोन ठेवता येतात. म्हणजे पूर्ण फळी उभी करायची तर नऊशे माणसं. त्यांना यादी वाचता आली पाहिजे, बोगस मतदाराला हरकत घेता आली पाहिजे, आणि मतदान संपल्यावर नमुना 17सी ची, म्हणजे त्या बूथवर किती मतं पडली याच्या नोंदीची, प्रत हातात घेतल्याशिवाय त्यांनी उठता कामा नये. सभेला लाख माणूस जमवणारा इथे आपटतो, कारण सभेला आलेला माणूस दिवसभर खुर्चीवर बसून राहीलच असं नाही. तेलुगू नट चिरंजीवींच्या सभांना तोबा गर्दी असायची. 2009 मध्ये आंध्रात त्यांच्या प्रजाराज्यम पक्षाला 294 पैकी 18 जागा मिळाल्या आणि दोन वर्षांत पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला.

"पण त्याच आंध्रात दुसरा नट, एन. टी. रामाराव, म्हणजे एनटीआर?" मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं. "मार्च 1982 मध्ये पक्ष काढला, जानेवारी 1983 मध्ये दोनशेच्या वर जागा. नऊ महिन्यांत बूथ कुठून आले?"

बूथवाल्याने इथे मोकळेपणाने माघार घेतली. "खरंय. त्या वेळी लाट एवढी मोठी होती की बूथची उणीव भरून निघाली. काँग्रेसने पाच वर्षांत चार मुख्यमंत्री दिले, सगळे दिल्लीहून ठरवलेले. अपमान घरोघरी पोचला होता. एनटीआरनी त्याला तेलुगू स्वाभिमान हे नाव दिलं आणि व्हॅनवर चढून गावोगाव फिरले. शिवाय समोर दुसरा दमदार विरोधी पक्षच नव्हता. 2009 मध्ये काँग्रेस आणि एनटीआरनी काढलेला तेलुगू देसम, दोघेही पाय रोवून होते. जागा रिकामी नव्हती."

मास्तरांच्या मूळ वाक्याला यातून बळ मिळालं, असं मला वाटतं. नट दोघेही तेवढेच लाडके होते. फरक पडला तो रिकाम्या जागेमुळे.

निवडून आल्यानंतरचं मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि लोकांची फसगत होते ती तिथेच, हा वकीलसाहेबांचा धोशा. त्यांनी अर्जेंटिनाचं विधेयक अगदी कलमवार मांडलं. नोव्हेंबर 2023 मध्ये हावियेर मिलेई जवळपास 56 टक्के मतांनी जिंकले, तेही खुद्द अर्थमंत्र्याला हरवून. राजकारण्यांच्या ‘जाती’विरुद्ध, म्हणजे मुरलेल्या राजकारणी वर्गाविरुद्ध लढतोय, हीच त्यांची घोषणा. पण पक्षाचे खासदार किती? खालच्या सभागृहात 257 पैकी 38, वरच्या सभागृहात म्हणजे सिनेटमध्ये 72 पैकी 7. त्यांनी 664 कलमांचं एकच अवाढव्य विधेयक आणलं. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली, पण एकेका कलमावर मतदान सुरू झालं तशी कलमं पडू लागली. सरकारने विधेयक परत समितीकडे नेलं. मग वाटाघाटी, काटछाट, प्रांतांच्या गव्हर्नरांची मनधरणी. जूनमध्ये खूपच लहान झालेलं विधेयक सिनेटमध्ये आलं, तिथे 36 विरुद्ध 36 आणि उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने ते तरलं.

"म्हणजे ज्या कौशल्याला शिव्या देऊन आले, तेच शिकावं लागलं," मास्तर म्हणाले.

"शिकले म्हणून विधेयक तरी झालं. झेलेन्स्कींनी वेगळं केलं. शपथविधीच्याच भाषणात संसद बरखास्तीची घोषणा, जुलैमध्ये निवडणूक आणि 424 पैकी 254 जागा. वारं आपलं आहे तोवर सभागृहही आपलं करून घेतलं."

केजरीवालांचा विषय निघणारच होता. डिसेंबर 2013 मध्ये 70 पैकी 28 जागा आणि 49 दिवसांत राजीनामा. सगळ्यांनी पळपुटे म्हटलं, तरी फेब्रुवारी 2015 मध्ये त्याच मतदारांनी 67 जागा दिल्या. आणि 2025 मध्ये 22. वकीलसाहेबांच्या मते दहा वर्षांत पाटी भरली आणि मतदाराने ती वाचली. मास्तरांना हे अर्धंच मान्य होतं. दहा वर्षं सत्तेत राहिलेला कुठलाही पक्ष हरू शकतो, त्यासाठी आधी नवखा असायची गरज नाही, असं ते ठासून सांगत राहिले.

"मग नवख्याला मत द्यायच्या आधी बघायचं तरी काय?" हा प्रश्न मीच टाकला.

बूथवाला म्हणाला, "त्याच्या यादीतली दुसऱ्यापासून विसावीपर्यंतची नावं. ती कुठून आली, उद्या कुठे जातील. ऑगस्ट 1984 मध्ये एनटीआर अमेरिकेत हृदयावर शस्त्रक्रिया करून परतले आणि त्यांच्याच मंत्र्याने, नादेंडला भास्कर राव यांनी, सरकार पळवलं. राज्यपालांनी रावांना शपथही दिली. एनटीआर व्हीलचेअरवर बसून आमदारांना घेऊन दिल्लीला राष्ट्रपतींसमोर गेले. आमदार फुटू नयेत म्हणून त्यांना एकत्र ठेवलं. आमदार टिकले, म्हणून सप्टेंबरमध्ये खुर्ची परत मिळाली."

"आणि लोक रस्त्यावर उतरले म्हणून," मास्तर म्हणाले.

"आमदार नसते टिकले तर लोक उतरून काय करणार होते?"

यावर दोघांचं पुन्हा जुंपलं.