इराणी गालिच्यातली ‘मुद्दाम ठेवलेली चूक’

इराणी गालिच्यांविषयीचा एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे: ‘परिपूर्ण फक्त ईश्वर’ या श्रद्धेपोटी प्रत्येक विणकर मुद्दाम एक चूक ठेवतो, प्रत्येक आकृतीला एकच ठरलेला अर्थ असतो आणि कोनदार नक्षी ही प्राचीन गूढ गणिताची भाषा आहे. या तिन्ही दाव्यांत विणकराचे हात आणि माग कोठेच दिसत नाहीत, हे मला खटकते.

चुकीचा पुरावा म्हणून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अर्दबील गालिच्याकडे बोट दाखवले जाते. त्यावर विणलेल्या दोन दिव्यांपैकी एक मोठा, एक लहान आहे. कोणी त्यात हेतुपुरस्सर ठेवलेला दोष पाहतात, तर कोणी दूर-जवळचा आभास, पण गालिच्यावर विणलेल्या मजकुरात फारसी कवी हाफिजच्या ओळी, मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ (इ. स. १५३९-४०) हे वर्ष आहे, दिव्यांविषयी एक शब्दही नाही. शिवाय एका गालिच्यावरून सर्व विणकरांची श्रद्धा कशी ठरवणार? कश्काईंसारखे भटके लोक आडवा माग जमिनीवर खुंट्यांनी ताणतात. मुक्काम हलला की तो गुंडाळतात आणि पुन्हा ताणतात, तेव्हा ताण बदलून कडा वाकड्या होतात. लोकर थोडी-थोडी रंगवल्यामुळे एकाच रंगाच्या छटांचे पट्टे पडतात, त्यांना ‘अब्रश’ म्हणतात. या खुणा कामाच्या आहेत.

आपण जिला कोयरी म्हणतो ती ‘बोते’ म्हणजे जरथुश्त्री ज्वाला, असे हा मजकूर ठामपणे सांगतो. फारसीत त्या शब्दाचा अर्थ झुडूप असा आहे, आणि काश्मिरी शालींवर सतराव्या शतकात दिसणारे सरळ उभे फुलझाड पुढे भरत-भरत वाकड्या शेंड्याचे झाले, हा प्रवास शालींवरच पाहता येतो. चौकटीभोवती चार वळणदार पाने असलेल्या हेराती नक्षीला ‘माही’, म्हणजे मासा, म्हणतात. पण दिसण्यावरून पडलेले नाव म्हणजे अर्थ नव्हे. अर्थ असतोच, तेव्हा तो उघड असतो: बाग-गालिच्यात चारबागेचे, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेचे, पाट आणि त्यांतले मासे स्पष्ट विणलेले असतात.

राहिले कोन. गालिचा ज्या गाठींनी विणतात त्या उभ्या-आडव्या ओळींत बसतात, म्हणून वळण म्हणजे बारीक पायऱ्याच असतात. काशान शहरातल्या दाट विणीत या पायऱ्या नजरेस पडत नाहीत. जाड विणीत पडतात. शहरी कारखान्यात तर नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात, एका चौकोनाला एक गाठ.