एक स्टार देणाऱ्या पाहुण्यांना देवबागहून उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या गळाच्या मासेमारीच्या ट्रिपबद्दल तुमच्या तक्रारी अशा: सात-आठ किलोची खजुरी (खाडीतला मोठा मासा) तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, डोळ्यांदेखत पाण्यात सोडली, रॉड पोरांच्या खेळण्यातले होते, एक वाजेपर्यंतचे पैसे घेऊन बाराच्या आधीच बोट किनाऱ्याला लावली, आणि एवढ्या पैशांत बाजारातून भरपूर सुरमई आली असती. शेवटचं अगदी खरं. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव लागतो, तिथे सुरमई आमच्या बोटीपेक्षा कधीही स्वस्त पडेल. बाकीचं इथेच लिहितो, म्हणजे पुढे बुकिंग करणाऱ्यांनाही कळेल.

आधी खजुरी. रायगडकडे हिलाच जिताडा म्हणतात, गोव्यात चणक. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने चांगला भरल्यावर मादी होतो. म्हणजे एवढी मोठी खजुरी बहुतेक वेळा मादीच, आणि ती एका खेपेला लाखांनी अंडी घालते. अशा माद्या मारत सुटलो तर चार वर्षांनी आम्ही खाडीत गरवायचं काय? बुकिंगच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की मोठी खजुरी फोटो काढून सोडायची, खाण्यापुरते दोन मासे न्यायचे. तुमचा त्यावर ‘ओके’ आलेला आहे, आणि मुलाला लागलेली तांबोशी तुम्ही नेलीतही.

‘मासा धरून टाइमपास चालला होता’ असंही तुम्ही लिहिलंय. तांडेल बोटीच्या काठावर ओणवा होऊन, एका हातात जबडा आणि दुसऱ्या हातात शेपटीचं मूळ धरून, तिचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे करून थांबला होता. दमलेल्या माशाच्या कल्ल्यांतून पाणी खेळलं नाही तर सोडल्यावर तो पोट वर करतो. तिने शेपटीचा झटका दिला, तेव्हा त्याने हात काढला.

रॉड बारीक आहेत, कारण ट्रिपच लाइट टॅकलची, म्हणजे हलक्या रॉड-दोरीची आहे. वीस-पंचवीस ग्रॅमचा लूर (खोटं आमिष) सकाळभर फेकायचा तर जाड रॉडने खांदा जातो. दोरी पंधरा-वीस पौंडांची, पुढे चाळीस पौंडांचा लीडर (टोकाचा जाड तुकडा), कारण खजुरीच्या कल्ल्यांच्या झाकणाला ब्लेडसारखी धार असते. दुसरा मासा दोरी तुटून गेला तो दोरीच्या दोषाने नव्हे. ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर लावून दिला होता. मासा धावला की हात लावू नका, असं ओरडून सांगत असताना तुमच्या मेव्हण्यांनी ड्रॅग आवळला. मासा शिरला कालवं (धारदार शिंपले) लागलेल्या खडकात. ताणलेली दोरी कालवावर घासली की संपलं. गेलेल्या लूरचे पैसे आम्ही लावले नाहीत, ते मात्र तुमच्या लिहिण्यात आलं नाही.

आता लवकर परतण्याचं. तुम्ही आलात पौर्णिमेला. त्या दिवशी आमच्याकडे भरती अकराच्या सुमारास पुरी होते आणि मग उधाणाचं पाणी कर्ली नदीच्या मुखातून समुद्राकडे ओढ घेतं. दुपारचा वारा येतो नेमका उलटा, समुद्रावरून. पाणी बाहेर, वारा आत, आणि मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहतात. समुद्र शांत दिसत होता, असं तुम्ही म्हणता. बाहेर तो शांतच होता, पण घरी यायची वाट त्या पट्ट्यावरूनच होती, आणि बोटीत दोन मुलं होती. ‘बसून घ्या’ हे तांडेल दरडावून बोलला असेल. तिथे उभ्या माणसाला गोड आवाजात सांगायला वेळ नसतो. पाण्यावर त्याच्यापुढे माझंही चालत नाही. वाऱ्यापाण्यामुळे बुडालेल्या वेळेचे पैसे परत नाहीत, हे पावतीवर छापलंय, त्यामुळे परतावा मिळणार नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गळ टाकू दिला नाही, ही पण तक्रार दिसली. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. तिथे टाकणारही नाही.

निवतीच्या खडकांकडे सुरमईला जायचं तर ती वेगळी ट्रिप, मोठी बोट, जाड दोरी आणि वेगळा दर. जून-जुलै बोट वर ओढलेली असते. पुढे कधी यायचं झालं तर आधी फोन करा, तिथी बघून दिवस सांगतो. आणि पिशवी भरून मासळीच हवी असेल तर आमच्याकडे पैसे घालू नका. शेजारी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते, दोर ओढायला पाहुण्यांनाही घेतात. मी गाठ घालून देईन.