बारावीनंतरचा बालवर्ग

बारावीचा निकाल लागला त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाने मला ‘आता तू मोठा झालास’ असे बजावायला सुरुवात केली, आणि जळगावला प्रवेश घ्यायला निघेपर्यंत माझाही त्यावर विश्वास बसला होता. प्रथम वर्षाचा खरा ताप अभ्यासाचा नसतो. आपण मोठे आहोत की लहान, याचा निकाल महाविद्यालय वर्षभर लावत नाही, हा तो ताप आहे. प्रवेशाच्या खिडकीवर वडिलांची सही नाही म्हणून माझा अर्ज परत आला आणि त्याच खिडकीवर ‘विषय कोणते घेऊ?’ असे विचारले, तेव्हा ‘तुमचं तुम्ही बघा’ असे उत्तर मिळाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याला आणि पालकाला, दोघांनाही द्यावे लागते. साक्री तालुक्यातून एसटीने आलेले माझे वडील, परक्या गावात पोराला कोणी छळू नये, या काळजीने सोबत आले होते. पोरगा कोणाला छळणार नाही, अशी हमी उलट आपल्याचकडून लिहून घेतली जात आहे, हे कळल्यावर त्यांनी चष्मा पुसून तो कागद पुन्हा वाचला आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, इतकी वर्षे या मुलाचे काही गुण आपल्यापासून लपून तर राहिले नाहीत ना, अशी शंका त्यांना आली असावी.

विषयनिवडीचे प्रकरण याहून अवघड निघाले. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक, अशी मोठी पंगत असते, 15 तासांच्या तासिकांना एक श्रेयांक म्हणजे क्रेडिट मिळतो, आणि ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मी विज्ञानाचा असल्याने वाणिज्यातला एक विषय घेतला. त्यामागे दूरदृष्टी वगैरे नव्हती. तो तास ज्या वर्गात होत असे, तिथला पंखा फिरत होता, आणि जळगावात पाऊस लांबला की याहून भक्कम शैक्षणिक कारण लागत नाही. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स, असे मधल्या मुक्कामांचे वेळापत्रक मी घरी मोठ्या अभिमानाने समजावून सांगितले, तेव्हा आजीचा जीव भांड्यात पडला. ‘म्हणजे पोऱ्या कधीबी घर ई सकस ना?’ म्हणजे पोरगा कधीही घरी येऊ शकतो ना, एवढेच तिने आमच्या अहिराणीत विचारले.

आमचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 मध्ये स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात, आणि 2018 पासून त्याला बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अशा कवयित्रीचे नाव विद्यापीठाला असावे, हे मला मनापासून आवडते. प्रवेश अर्जातले रकाने वाचता वाचता तर त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढतच गेला.

खोलीवर आम्ही चौघे होतो. एक यावल तालुक्यातला, एक शहाद्याकडचा, एक भुसावळचा रेल्वेवाल्याचा मुलगा आणि मी. सुरुवातीचे काही दिवस आम्ही एकमेकांशी आकाशवाणीवरच्या बातम्यांच्या मराठीत बोलत होतो. ‘आपण स्नान आटोपले का?’ असा प्रश्न मी आयुष्यात प्रथमच त्या खोलीत विचारला. एका रात्री वरच्या कौलातून पाल थेट शहादेकराच्या मानेवर पडली, आणि ‘ओ मन्ही माय वं!’ अशी आरोळी ठोकून तो खाटेवर उभा राहिला. पाल राहिली बाजूला, मी आनंदाने ओरडलो, ‘तूबी आपलाच शे का रे?’ त्या रात्री झोपायला उशीर झाला. महाविद्यालयाने आमच्यासाठी रीतसर स्वागत कार्यक्रम केला होता आणि त्यात ‘एकमेकांशी परिचय वाढवा’ असे भाषणही झाले होते, परंतु त्या पालीइतके काम त्या भाषणाकडून झाले नाही, हे नमूद करावेसे वाटते.

वर्गात सर आम्हाला ‘तुम्ही’ म्हणत. शाळेत ‘ए, तू तिकडचा’ एवढीच ओळख असल्याने पहिल्यांदा मी मागे वळून पाहिले. सर शिकवत राहिले आणि मी पेन उघडून ‘लिहून घ्या’ या आज्ञेची वाट पाहत बसलो. ती आज्ञा पहिले सत्र संपले तरी आली नाही. एकदा धीर करून ‘सर, हे वहीत लिहायचं का?’ असे विचारले, तेव्हा वर्ग हसला आणि सर सौम्यपणे म्हणाले, ‘तुमचं तुम्ही बघा.’ हेच सर प्रात्यक्षिकाच्या तासाला मात्र जर्नलला खाकी कव्हर आहे का, आकृती पेन्सिलनेच आणि डाव्या कोऱ्या पानावरच काढली आहे का, हे बोट फिरवून तपासत आणि समास चुकला तर सही देत नसत.

थंडीत यावलकराच्या शेतात भरीत पार्टी झाली. बामणोदकडची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत असताना, फ्रेशर्स पार्टीत आमच्याकडे ढुंकूनही न पाहणारे वरच्या वर्गातले दादा कळण्याची पुरी हातात येताच एकदम माणसाळले. कोणते सर कोणत्या प्रकरणावर प्रश्न काढतात, हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की कोणाला भेटायचे, कोणाचे जुने जर्नल शुद्ध आहे, हे सगळे ज्ञान त्यांनी वांग्याची साले काढता काढता दिले. हा तास वेळापत्रकात नसल्याने त्याचे श्रेयांक मात्र कोणाला मिळाले नाहीत.

दुसऱ्या सत्रात पालक मेळावा झाला. वर्षभर ‘तुमचं तुम्ही बघा’ ऐकलेल्या आम्हा मोठ्या माणसांना चहाचे ट्रे फिरवायला उभे केले आणि सर एकेकाची हजेरी पालकांसमोर वाचू लागले. माझे नाव जवळ आले तसे माझ्या हातातले कप वाजू लागले. वडील शेवटच्या बाकावर यावलकराच्या वडिलांशेजारी बसले होते. व्यापारी केळीच्या घडामागे किती कापतो आणि कांदा चाळीत किती दिवस टिकतो, यावर त्यांची चर्चा अशी काही रंगली होती की माझा आकडा वाचून झाला तरी दोघांपैकी कोणाच्या कानावर गेला नाही. सरांनी यादी खाली ठेवली, चष्म्यावरून मागे पाहिले आणि फळ्यावर डस्टर आपटून म्हणाले, ‘ए, शेवटचा बाक! बोलायचं असेल तर बाहेर जा.’